बाराव्या सिनेमातला आवाज

लिविआ दोरानाचा आवाज ओळखत नाही असा माणूस त्या काळी सगळ्या इटलीत शोधून सापडला नसता. मऊ, हलका, वाक्याच्या शेवटी किंचित थरथरणारा. त्या थरथरीवर कितीतरी शिपाई आणि पोस्टमन जीव ओवाळून टाकत. अडचण एवढीच की तो आवाज लिविआ दोरानाचा नव्हता. खरं सांगायचं तर लिविआ दोराना हे नावही तिचं नव्हतं. तिचं नाव दिर्चे कावालिएरी, गाव दलदलीतलं कोमाक्यो, आणि आवाज म्हणाल तर धुक्यात हाका मारणाऱ्या नावाड्यासारखा.

हा आवाज तिने कुठून आणला हे कोमाक्योतलं शेंबडं पोरही सांगेल. तिथल्या वामींच्या, म्हणजे सापासारख्या लांबट माशांच्या, कारखान्यात चुलींची मोठी रांग असते. प्रत्येक चुलीपुढे सळयांवर ओवलेले वामींचे तुकडे, आगीत ठिबकणारी चरबी, डोळ्यांत धूर. त्या तडतडाटातून शेजारणीला काही सांगायचं तर घसा फोडूनच सांगावं लागतं. दिर्चेची आई आर्जा पहिल्या चुलीवरची मुख्य बाई. सळई उलटायची आणि आकडा म्हणायचा, हे तिचं काम. ती गावच्या बोलीत इतक्या खणखणीत आवाजात मोजायची, की पलीकडे चर्चमधल्या पाद्रीबुवांनाही आज किती सळया झाल्या ते बसल्या जागी कळायचं. दिर्चे नवव्या वर्षापासून तिच्या शेजारी उभी राहिली. अकराव्या वर्षी तिचा घसा बसला, तो परत काही उठला नाही.

चेहरा मात्र देवाने सवडीने घडवलेला. एकोणिसाव्या वर्षी ती फेर्राराच्या जत्रेत वामींचे डबे विकत असताना एका फोटोवाल्याने तिला पाहिलं. तो फोटोंतून प्रेमकथा छापणाऱ्या साप्ताहिकाचा माणूस होता. फोटोत नायिका, आणि तिच्या तोंडाशी पांढऱ्या फुग्यात छापलेले शब्द. दोन वर्षं दिर्चे त्या फुग्यांतून बोलली आणि देशभरातल्या बायका तिच्या दुःखात रडल्या. मग सिनेमावाल्यांचं बोलावणं आलं. पहिल्याच सकाळी दिग्दर्शकाने तिचं "नमस्कार साहेब" ऐकलं आणि कपाळाला हात लावला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातलाच प्रकार.

पण अशा गोष्टीवरून रोममध्ये कुणी रडत बसत नसे. शूटिंगच्या वेळी तिथे कुणाचाच आवाज घेत नसत. शेजारच्या सेटवर सुतार ठोकत असायचे, दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडत असायचा. आवाज सगळे मागाहून, डबिंगच्या खोलीत भरायचे. त्यामुळे संवाद पाठ नसले तरी कुणाचं अडत नसे. नटमंडळी सरळ आकडे म्हणायची. एक दोन तीन म्हणत मागणी घालायची, चार पाच सहा म्हणत तलवार उपसायची. एका म्हाताऱ्या नटाला तर सतरावर हमखास रडू यायचं. दिर्चेला ही पद्धत फार मानवली. ती आईसारखी, कोमाक्योच्या बोलीत मोजायची, आणि मोजता मोजता तिच्या चेहऱ्यावर असं काही दाटून यायचं की दिवेवाले आपलं काम सोडून बघत राहायचे.

त्या आकड्यांवर शब्द चढवायची ती एर्सिलिआ ताम्बुर्री. त्रेपन्न वर्षांची, बुटकी, गोल गरगरीत, तेस्ताच्चो भागात राहणारी, कायम विणकामाची पिशवी घेऊन हिंडणारी. तिचं सगळं शरीर म्हातारं व्हायला लागलं होतं, फक्त गळा अठराव्या वर्षीच थांबला होता. अकरा सिनेमांत ती लिविआ दोराना म्हणून हसली, रडली, आणि नायकाचं चुंबन घ्यायची वेळ आली की माइकपुढे स्वतःच्या हाताच्या मागच्या बाजूचं चुंबन घेऊन मोकळी झाली. तिचं नाव मात्र पडद्यावर एकदाही आलं नाही. डबिंगवाल्यांची नावं द्यायची पद्धतच नव्हती.

दिर्चे या सगळ्यावर स्वतःच विनोद करायची. एकदा टॅक्सीवाला आरशातून तिला न्याहाळत म्हणाला होता, "बाई, तुम्ही अगदी लिविआ दोरानासारख्या दिसता. फक्त तोंड उघडू नका, सगळा खेळ बिघडतो." हा किस्सा ती मेजवान्यांत टॅक्सीवाल्याच्या नकलेसकट सांगायची आणि लोक पोट धरून हसायचे.

एका माणसापुढे मात्र तिचा विनोद चालत नव्हता, आणि ते माणूस म्हणजे तिची आई. आर्जाने लेकीचे पहिले तीन सिनेमे गावच्या थिएटरात पाहिले आणि मग पाहणंच सोडलं. तंबाखूच्या दुकानात गावचा एकुलता एक टेलिफोन होता, त्यावर तिने कारण सांगितलं. "चेहरा तुझा आहे, मी नाही म्हणत नाही. पण मी डोळे मिटले की तू तिथे नसतेस. दुसरीच कुणी बाई असते. त्या बाईसाठी मी तिकीट काढून का बसू? तू बोलशील तेव्हा सांग, मी येईन." आणि फोन ठेवला. ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यानंतर आठ सिनेमे आले, गावाने डोक्यावर घेतले, आणि आर्जा त्या संध्याकाळी घरी बसून मोजे शिवत राहिली. दिर्चे कितीही हसरी असली तरी हे तिला लागलं होतं. खूप लागलं होतं.

एकोणीसशे सत्तावन्न साली तिची आत्तिलिओ ब्रान्दिमार्तेशी गाठ पडली. हा दिग्दर्शक काटकुळा, कायम भुकेला, खिशात पावाचा तुकडा ठेवणारा. एका ट्रकवाल्याने दिर्चेच्या छोट्या गाडीला मागून ठोकलं आणि दिर्चे रस्त्यावर उतरून त्याची बिनपाण्याने करत होती, तेव्हा हा समोरच्या दुकानात कॉफी पीत होता. कॉफी गार झाली तरी त्याने कप खाली ठेवला नाही. भांडण संपल्यावर तो पुढे आला आणि म्हणाला की तुमच्याच दलदलीतल्या बायकांवर मी सिनेमा लिहिलाय, नायिका चुलीवर वामी भाजते, आणि तिचा आवाज कसा असेल हे मला दोन वर्षं कळत नव्हतं. आता कळलं.

हरकत घेतली निर्मात्याने. कोमेंदातोरे ही सरकारी पदवी नावाआधी मिरवणारा गाल्लुप्पी म्हणजे मोठं प्रस्थ. त्याच्या ऑफिसात जांभळा रुमाल घेऊन कुणी येताना दिसलं तर तो त्या माणसाला जिन्यावरूनच परत पाठवी, इतका शकुन-अपशकुन मानणारा. त्याच्या लेखी एर्सिलिआचा आवाज हाच त्याचा शकुन होता. अकरा सिनेमे, अकराही चाललेले. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची, असं त्याचं म्हणणं. पण ब्रान्दिमार्ते हट्टाला पेटला, दिर्चे तर त्याच्या दारात ठाणच मांडून बसली, आणि शेवटी तडजोड झाली. शूटिंग संपल्यावर एका शुक्रवारी दिर्चेने सिनेमातला सगळ्यात मोठा प्रसंग स्वतःच्या आवाजात भरून दाखवायचा. कोमेंदातोरेंना पटलं तर सगळा सिनेमा तिचा. नाही पटलं तर सोमवारपासून एर्सिलिआ. आणि त्या दिवशी एर्सिलिआनेही खोलीत हजर राहायचं, म्हणजे वेळ वाया जायला नको.

त्या शुक्रवारी सकाळी दिर्चे डबिंगच्या खोलीत शिरली ती कुणाशी नजर न मिळवता. तिने एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती.

प्रसंग असा होता. नवरा बेल्जियमच्या खाणीत कामाला निघालाय, हातात पेटी घेऊन दारात उभा आहे, आणि बायको चुलीपुढून हलत नाही. तिच्या तोंडी दीड पानाचं भाषण होतं. पाणी, वारा, परतीची वाट, काळजात पेटलेली चूल, सगळं त्यात होतं. ब्रान्दिमार्तेने तिला हात जोडून विनवलं होतं की या एका प्रसंगात आकडे नकोत, खरे शब्द म्हण. तिने वचन दिलं, भाषण पाठ केलं, आंघोळ करताना म्हटलं, इस्त्री करताना म्हटलं. मग शूटिंगचा दिवस आला. सेटवर खरी चूल पेटवली, कोमाक्योहून खऱ्या वामी मागवलेल्या, आणि ती चरबी आगीत पडल्याचा पहिला वास नाकात गेला मात्र, भाषण डोक्यातून पार पुसून गेलं. हात आपोआप सळया उलटू लागले, तोंड आपोआप मोजू लागलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते धुराचं की कशाचं ते तिलाही कळलं नाही. दिग्दर्शक वर क्रेनच्या पाळण्यात कॅमेऱ्याशेजारी बसून हुंदके देत होता, त्याला काही ऐकू आलं नाही. शेजारी सुतार ठोकत होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि दिर्चेने जीभ चावली.

आता ते पडद्यावर आलं. दोन-अडीच मिनिटांच्या फिल्मची दोन्ही टोकं जोडून केलेली माळ, संपली की पुन्हा सुरू. चुलीपुढे दिर्चे, डोळे भरलेले, ओठ हलताहेत. समोर माइक, हातात भाषणाचा कागद. मागे खुर्च्यांत गाल्लुप्पी टोपी मांडीवर घेऊन, ब्रान्दिमार्ते पाव कुरतडत, आणि कोपऱ्यात एर्सिलिआबाई सुया खेळवत.

पहिल्या फेरीत दिर्चे एक शब्द बोलू शकली नाही. दुसऱ्या फेरीत तिने "जा" म्हटलं आणि पडद्यावरचं तोंड पुढच्या सळईवर पोचलं. तिसरी, चौथी, सातवी. दुसऱ्या कुणाला त्या ओठांवर काहीही बसवता आलं असतं. तिलाच येत नव्हतं, कारण ते ओठ काय म्हणताहेत हे जगात फक्त तिला ठाऊक होतं. तिच्या कानांत सत्तावीस, अठ्ठावीस घुमत होतं आणि तोंडाने वाऱ्याला सांगायचं होतं की माझा निरोप घेऊन जा. अकराव्या फेरीला गाल्लुप्पीने घड्याळ पाहिलं आणि जेवायला जाऊन येतो म्हणाला. ब्रान्दिमार्ते त्याला समजावत त्याच्या मागे गेला. घोडं पेंड खातंय एवढं त्याला दिसत होतं, पण कुठे ते कळत नव्हतं.

खोलीत दोघीच उरल्या. अकरा सिनेमे एकत्र करून त्या आजवर तीनदा भेटल्या होत्या, तेही नाताळच्या मेजवानीत. एर्सिलिआबाईंनी सुया थांबवल्या नाहीत.

"आकडे म्हणत होतीस ना?" त्या म्हणाल्या. ते अठरा वर्षांचं रेशीम त्या गोल म्हाताऱ्या बाईच्या तोंडून बाहेर पडलं की दिर्चेला दर वेळी चमत्कारिक वाटायचं.

दिर्चे खाली बसली आणि सगळं कबूल केलं. वास, चरबी, पुसून गेलेलं भाषण. सांगता सांगता तिला हसू आलं आणि हसता हसता रडू. मग आईचं सांगितलं. मिटलेले डोळे, तिकीट, मोजे. एर्सिलिआबाईंनी ते ऐकताना मात्र विणकाम मांडीवर ठेवलं.

"म्हणजे ती दुसरीच कुणी बाई म्हणजे मी," त्या म्हणाल्या.

"तुमच्याबद्दल वाईट नाही बोलत ती."

"वाईट कशाला वाटेल? तुझी आई शहाणी आहे. सगळ्या देशात एकाच बाईला मी ऐकू आले." त्या उठल्या, पडद्यापाशी गेल्या आणि गोठलेल्या चित्रावर बोट ठेवलं. "आता नीट ऐक. तोंडाकडे बघायचंच नाही. अकरा सिनेमांत मी तुझं तोंड पाहिलेलं नाही. इथे बघ, गळ्याखालचं हे हाड. तू बोलायच्या आधी ते वर येतं. ते वर आलं की श्वास घे, खाली गेलं की बोल. ओठ मागून मुकाट्याने येतात."

दिर्चे स्वतःच्या गळ्याखाली हात लावून बघत राहिली. इतकी वर्षं कुणीतरी अंधारात बसून आपलं एक हाड वाचत होतं, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. "इतकं लक्ष देऊन माझ्याकडे आजवर एकाही पुरुषाने बघितलं नसेल," ती म्हणाली.

"पुरुष त्या हाडापाशी थांबत नाहीत, पोरी," एर्सिलिआबाई म्हणाल्या आणि पुन्हा सुया हातात घेतल्या.

दोन तास त्यांनी तालीम केली. कुठे श्वास तोडायचा, कुठे अक्षर लांबवायचं, हुंदका आधी घ्यायचा की नंतर. दिर्चेला असा आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. माळ फिरत होती, हाड वर येत होतं, शब्द बसत होते. गाल्लुप्पी भरपेट जेवून परतला तेव्हा ती तयार होती. दिवे मालवले, आणि दिर्चेने पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत अख्खं भाषण म्हटलं. एकही अक्षर ओठांबाहेर गेलं नाही. वाक्याच्या शेवटी आवाज किंचित थरथरलासुद्धा.

गाल्लुप्पीने टाळ्या वाजवल्या. "शाब्बास. जरा खरखर आहे, पण बाकी सगळं एर्सिलिआसारखं. मला चालेल. झालं, सिनेमा तुझा." त्याने टोपी डोक्यावर ठेवली.

दिर्चे जिंकली होती. आठ वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातात आलं होतं. तिने आनंदाने मागे वळून पाहिलं, तर ब्रान्दिमार्ते जमिनीकडे बघत होता आणि एर्सिलिआबाईंच्या सुया थांबल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर, दुकानदाराने वजनात मारल्यावर येतो तसा भाव होता.

"असं का बघताय?" दिर्चेने विचारलं.

"पोरी, हे तर मी झाले," त्या म्हणाल्या. "मला मी घरी फुकट मिळते. तुझ्या आईला काय सांगशील? तीच बाई आता पडशानं आजारी आहे म्हणून?"

दिर्चेच्या तोंडात मारल्यासारखं झालं, कारण ते खरं होतं. ती थरथर कोमाक्योची नव्हती. काळजात चूल पेटलीय असं कोमाक्योतली कुठलीही बाई मेली तरी म्हणणार नाही. चूल समोर असते, काळजात कोण कशाला पेटवील? तिने पडद्याकडे पाहिलं. तिथे ती भरल्या डोळ्यांनी सळया उलटत होती आणि नवऱ्याकडे बघत नव्हती. बघितलं तर हात थांबतील, हात थांबले तर वामी करपतील, आणि मग सगळंच संपेल. तिच्या आईनेही असंच केलं असतं. नव्हे, आईने असंच केलं होतं. दिर्चेचा बाप लढाईवर गेला त्या सकाळी आर्जा चुलीपुढून हलली नव्हती.

"कोमेंदातोरे," ती म्हणाली, "अजून एकदा म्हणू द्या."

गाल्लुप्पी दारातून मागे फिरला. त्याने स्वच्छ सांगितलं की मी हो म्हटलंय, ते घे आणि घरी जा. पुन्हा म्हणायचं असेल तर आधीचं रद्द. आणि हे दुसरं मला आवडलं नाही तर सोमवारी एर्सिलिआ, मग माझ्या दारात बसायचं नाही. ब्रान्दिमार्तेने घाबरून दिर्चेचा दंड धरला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस, असंच त्याला म्हणायचं असावं, पण तोंडात पाव होता.

"रद्द," दिर्चे म्हणाली आणि हातातला कागद खुर्चीवर ठेवून दिला.

दिवे मालवले. माळ सुरू झाली. तिने हाडाकडे पाहिलं नाही, तोंडाकडेही पाहिलं नाही. ती नुसती माइकपाशी उभी राहिली आणि पडद्यावरची दिर्चे जे म्हणत होती तेच, आपल्या फाटक्या, धुराने खाल्लेल्या आवाजात, गावच्या बोलीत म्हणू लागली. "एकवीस. बावीस." दारात नवरा काहीतरी बोलत होता. "तेवीस." त्याने पेटी खाली ठेवली, पुन्हा उचलली. सत्तावीसवर तिचा आवाज चिरला आणि ती तशीच पुढे गेली. शेवटचे आकडे तिने जवळजवळ ओरडून म्हटले, चुलीपलीकडे ऐकू जायला हवेत म्हणून. अडतीसवर माळ संपली आणि यंत्रवाल्याने स्वतःहून ती थांबवली.

ब्रान्दिमार्तेच्या हातातला पाव खाली पडला होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. दिर्चे माइकपाशीच उभी होती. ती मनात म्हणाली, गेलं तर गेलं, एकदा तरी म्हटलं.

अंधारातून गाल्लुप्पीचा आवाज आला. "तो गेला का?"

"कोण?" ब्रान्दिमार्तेने विचारलं.

"तिचा नवरा. अडतीसनंतर. थांबला की गेला?"

ही कथा त्याने चार वेळा वाचली होती आणि दोनदा स्वतः कापली होती. दिवे लागले तेव्हा कोमेंदातोरे टोपीने डोळे पुसत होते. मग त्यांनी रीतसर रागावून विचारलं की त्या दीड पानाच्या भाषणासाठी कुणाला पैसे दिले होते, आणि ज्याला दिले त्याला पुन्हा माझ्यापुढे उभं करू नका. भाषण ब्रान्दिमार्तेनेच लिहिलेलं, त्यामुळे सगळे असे हसले की यंत्रवालाही आपल्या खोपट्यातून डोकं बाहेर काढून हसू लागला.

दिर्चेने एर्सिलिआबाईंना मिठी मारली आणि मग तिला एकदम अपराधी वाटलं. तिने विचारलं, आता तुमचं काय? एर्सिलिआबाई पिशवीत लोकर भरत म्हणाल्या की सोमवारी सकाळी मी एका रोमन महाराणीला बोलतं करतेय, मंगळवारी एका नर्तकीला, या शहरात नुसते ओठ हलवणाऱ्या बायकांची वाण नाही, तू माझी काळजी करू नकोस. पण दिर्चे ऐकणारी नव्हती. सिनेमात कजाग सासू होती, ती एर्सिलिआबाईंनीच गळा जाड करून बोलायची आणि त्यांचं नाव पडद्यावर ठळक आलं पाहिजे, यासाठी तिने पुन्हा गाल्लुप्पीच्या दारात ठाण मांडलं. या वेळी एका दिवसातच काम झालं.

सप्टेंबरात सिनेमा कोमाक्योला लागला. दिर्चेने तंबाखूच्या दुकानात फोन करून आईला सांगितलं की आता मी बोलतेय. पलीकडून आर्जा म्हणाली, "बघू."

रविवारी दुपारी तीनचा खेळ. आत मुंगी शिरायला जागा नव्हती. कारखान्यातल्या सगळ्या बायका रांगेने बसलेल्या, पाद्रीबुवाही मागच्या खुर्चीत अंग चोरून बसलेले. आर्जा पुढच्या रांगेत, काळी शाल, ताठ पाठ, शेजारी दिर्चे. दिवे गेले, नावं आली, एर्सिलिआ ताम्बुर्री हे नाव आल्यावर दिर्चेने एकटीने टाळ्या वाजवल्या. मग चित्र सुरू झालं आणि आर्जाने डोळे मिटून घेतले.

दिर्चेने पडदा पाहिलाच नाही. ती आईचा चेहरा पाहत बसली. पडद्यावर ती हसली, भांडली, शेजारणीला शिव्या घातल्या, आणि बायकांच्या रांगेतून खिदळण्याच्या लाटा उठल्या, कारण ती शिवी त्यांचीच होती. आर्जाची पापणीही हलली नाही. दिर्चेला वाटलं, झोप तर लागली नसेल? की इतकं करूनही आईला मी सापडत नाहीये?

मग तो प्रसंग आला. दारात पेटी घेतलेला नवरा, चुलीचा तडतडाट, आणि आकडे. पंचविसाच्या आसपास दिर्चेने पाहिलं, आईचे ओठ हलत होते. आवाज नाही, नुसते ओठ, लेकीच्या आकड्याबरोबर आकडा. डोळे मिटलेलेच, पण मिटल्या पापण्यांखालून पाणी गालांवर आलं होतं आणि ती ते पुसत नव्हती. मांडीवरचा उजवा हात सळई उलटावी तसा फिरत होता.

एकाएकी आर्जाचे डोळे उघडले. ती खुर्चीत पुढे सरकली आणि शेजारी बसलेल्या लेकीकडे न बघता, थेट पडद्यावर चुलीपुढे उभ्या असलेल्या लेकीला, पहिल्या चुलीवरच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाली, "दिर्चे, तिसावर एकदम बत्तीस? एकतीस राहिलं."

रोममध्ये शंभर माणसांनी तो प्रसंग शंभरदा ऐकला होता. एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. बायकांच्या रांगेत हास्याचा असा स्फोट झाला की पडद्यावरचं काही ऐकू येईना. दिर्चे हसत होती, रडत होती. तरी तिने घसा साफ केला आणि तिथेच, अंधारात, त्याच आवाजात म्हटलं, "एकतीस."

"हं," आर्जा म्हणाली आणि शाल सारखी करून मागे टेकली. "आता चालू दे."